घोंगडीचं वजन

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मूळ गोष्ट पोटातच राहील. बिरूतात्यांचं काम माझ्यामुळे गेलं. माझ्या बायकोला हे माहीत नाही. आयटीआयमध्ये वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्रालाही नाही. गाव समजतं की तात्यांचं काम त्यांच्या घोंगडीमुळे गेलं. मी गावाला तसं समजू दिलं.

घोंगडीमुळे कुणाचं काम कसं जाईल, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी आधी तात्या सांगायला हवेत.

बिरूतात्या रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला एका घोंगडीचं वजन करायचे. आमच्या गावच्या वाचनालयामागे एक खोली आहे. तिला आम्ही दप्तरखाना म्हणतो. आसपासच्या घरांतून आलेले मोडी कागद, पोथ्या, पाणी-वहिवाटीचे जुने करार, सगळं रुमालांत बांधून सहा कपाटांत ठेवलेलं आहे. त्या खोलीच्या आढ्याला तात्यांनी एक जुनी तागडी टांगली होती. दांडीच्या एका टोकाला घडी घातलेली काळी घोंगडी, दुसऱ्या बाजूला पारडं आणि पारड्यात वजनं. हवेत ओल आली की लोकर ती पिते आणि घोंगडीची बाजू खाली जाते. मग तात्या पारड्यात दहा ग्रॅम, वीस ग्रॅम टाकत दांडी सरळ करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि वहीत लिहायचे. घोंगडी कोरड्या दिवसांत दोन किलो साडेचारशेच्या आसपास असायची. दोन सहाशेच्या पुढे गेली की तात्यांचं जेवण कमी व्हायचं.

"हवा जड झाली, मास्तर," एवढंच म्हणायचे. पण असं म्हणायचे, जणू घरात कुणाला ताप भरलाय.

तात्या मूळचे मेंढपाळ घरातले. आजोबांपर्यंत पाठीवर बिऱ्हाड. वडिलांनी महाळुंगे पडवळला थोडी जमीन धरली आणि तात्या पारगावकडे साखर कारखान्यात काट्यावर लागले. ट्रॅक्टर भरून आला की वजन, रिकामा परतला की वजन. तीस-पस्तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांची नजर कायमची काट्यावर चढली होती. लग्नात पंगतीला बसले की शेजाऱ्याच्या कानात सांगायचे, "ह्यो पावना रिकामा आला तवा बहात्तर. आता बघा, पंचाहत्तर भरून जानार." आणि जाणाऱ्या पाहुण्याकडे असं बघायचे की त्यालाच आपली पावती घ्यायची राहिली असं वाटावं.

निवृत्तीनंतर वाचनालयाने त्यांना दप्तरखान्याची किल्ली दिली. झाडलोट आणि राखण एवढंच काम होतं. तात्यांनी त्याचा दवाखाना केला. अभ्यासाला पुण्याहून कुणी आलं की त्याला आधी ओट्यावर दहा मिनिटं बसवायचे.

"पावणं, घाम वाळू द्या. तुमी असंच आत गेला का घोंगडी पंधरा गिरामनं वाढती."

एकदा वाचनालयाचे अध्यक्ष चार पाहुण्यांना घेऊन आत शिरले आणि तिथेच दप्तरखान्याचं महत्त्व सांगायला लागले. अध्यक्षांचं महत्त्व सांगणं अर्ध्या तासाच्या आत आटपत नाही. तात्या मध्येच म्हणाले, "अध्यक्ष, भाषान भाईर करा. तोंडातनं वाफ जाती कागदावर." पाहुणे हसले. अध्यक्षांनी ते हसणं लक्षात ठेवलं.

मी या गोष्टीत शिरलो तो डब्या घेऊन. पुण्यातल्या एका गृहस्थांनी जुन्या कागदांच्या जतनासाठी देणगी दिली होती आणि तालुक्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा म्हणून समितीने मला बोलावलं. मी सहा सेन्सर बसवले, एकेका कपाटाला एक. काड्यापेटीहून जरा मोठ्या पांढऱ्या डब्या. आतली ओल आणि उष्णता मोजायची, आकडा वायफायवरून पाठवायचा. कुठल्या कपाटाला किती ओल चालेल ती मर्यादा आपण आपल्या फोनवरून ठरवायची. चामडी बांधणीच्या पोथ्यांना वेगळी, साध्या कागदाला वेगळी. मर्यादा ओलांडली की समितीतल्या सातही जणांच्या फोनवर निरोप, आणि दप्तरखान्याच्या दारावर भोंगा. आकडे बघायची आणि मर्यादा बदलायची सोय फक्त माझ्या फोनवर होती. हे मी तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

तात्यांनी एक डबी तळहातावर घेतली, वरखाली केली.

"साठ गिराम. ही सांगनार व्हय हवा?"

"तात्या, ही मिनिटामिनिटाला सांगते."

"सारखं बोलनारं मानूस मी लई बघितलंय," तात्या म्हणाले. "वजन एकदाच सांगायचं असतं."

मला वाटलं, आता हे डब्यांच्या वाईटावर राहणार. झालं उलटंच. आठवड्याभरात त्यांनी डब्यांना नावं ठेवली. काळी, ढवळी, तांबडी, मोरी, शिंगी आणि लंगडी. शिंगीला अँटेना होती आणि लंगडीचं झाकण सैल होतं. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तात्या बोट दाखवत सहा मोजायचे, वाड्यात मेंढरं मोजावी तसे. आणि वहीत घोंगडीच्या वजनाशेजारी एक नवा रकाना आला. भोंगा वाजला की जिचा लाल दिवा लागला त्या डबीच्या नावापुढे फुली.

दोन महिन्यांनी त्यांनी मला वही दाखवली. "बघा मास्तर. घोंगडी दोन सहाशे वीसला गेली का तुमची मोरी वराडती. सा येळा बघितलं, सा येळा बराबर. डबी खरं बोलती." एवढं बोलून माझ्या पाठीवर थाप मारली. मला पन्नाशीत कुणी अशी थाप मारली नव्हती, म्हणून ती लक्षात आहे. आता ती जास्तच लक्षात आहे.

मोरी म्हणजे चार नंबर. चौथं कपाट मागच्या भिंतीला लागून होतं, आणि त्याच्याच बाजूला तात्यांची तागडी. या कपाटाशी तात्यांचं काहीतरी होतं, ते मला उशिरा कळलं. त्यात एक करारनामा होता. मेंढरं शेतात बसवायची पद्धत अजून आहे आमच्याकडे. पिकं निघाली की मेंढपाळ आपलं मेंढरांचं खांड एकेकाच्या रानात रात्री बसवतो, लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, बदल्यात मेंढपाळाला धान्य. हा करार त्याचाच होता. कुणाच्या रानात किती रात्री, किती बाजरी, आणि खाली मेंढपाळांची नावं. तात्या साठी उलटल्यावर मोडी शिकले ते एवढा एक कागद वाचायला. खालून दुसरं नाव त्यांच्या खापरपणज्याचं होतं.

"मास्तर, तुमच्या लोकांची नावं सातबाऱ्यावर, देवळाच्या पायरीवर, समद्या जागी," ते एकदा म्हणाले. "आमची मानसं आज हितं, उद्या तितं. कुनी कशाला लिहितंय? ह्या एका कागदावर हायेत." कागदाला बोट न लावता, वितीभर वरूनच, त्यांनी ते नाव दाखवलं. बोटाची वाफ लागू नये म्हणून.

आता माझ्याकडे येतो. येतो म्हणजे यावंच लागणार.

त्या वर्षी पावसाळ्यात भोंगा जरा जास्तच वाजायला लागला. एकदा झाडणाऱ्या मावशींनी ओली फरशी पुसली आणि सातही जणांच्या फोनवर ओळीने निरोप गेले. अध्यक्ष तेव्हा मंचरला एका साखरपुड्यात होते. "मास्तर, नवऱ्यामुलाच्या बापाला वाटलं माझ्या घरी काहीतरी झालं! तुमचं हे यंत्र आवरा, न्हाईतर पोत्यात भरून परत पाठवतो." हे ते सगळ्यांसमोर बोलले. सगळ्यांसमोर बोललेलं मला लागतं. लहानपणापासूनच.

त्यातच देणगीदार पाहुणे येणार असं ठरलं. छोटा समारंभ, माझा शाल-नारळ देऊन सत्कार. समारंभाच्या आदल्या दिवशीपासून मोरी ओरडायला लागली. ओल अडुसष्ट टक्के. मी जाऊन बघितलं, कपाट वरवर कोरडं. पुन्हा भोंगा. एकाहत्तर. भर सत्कारात भोंगा वाजला तर? अध्यक्षांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. पाहुणे विचारतील, हे काय, तेव्हा मी काय सांगू? डबी बिघडली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या माणसाला यंत्र बिघडल्याचं कारण लगेच सुचतं.

ओट्यावर उभं राहून मी फोन काढला आणि चार नंबरची मर्यादा पासष्टवरून पंच्याऐंशीवर नेली. दोन दिवसांपुरती. समारंभ झाला की खाली आणीन म्हणून. बोटाने पट्टी उजवीकडे सरकवायची, बस्स. भोंगा गप्प झाला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

समारंभ छान झाला. शाल मिळाली. आणि मर्यादा खाली आणायचं मी विसरलो.

आयटीआयच्या परीक्षा लागल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तात्यांचा फोन.

"मास्तर, घोंगडी दोन सहाशे सत्तर. हवा जड हाय. मोरीकडं बघा."

"भोंगा वाजला का?"

"न्हाई."

"मग?"

"बरं," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

आठवड्याने परत फोन. दोन सातशे दहा. मी म्हणालो, "तात्या, श्रावण आहे, घोंगडी जड होणारच. डबी खरं बोलते, तुम्हीच म्हणाला होता ना?" त्यांचाच शब्द त्यांना परत दिला आणि वर हसलो. तिसऱ्यांदा ते स्वतः सायकलवर आयटीआयच्या फाटकापर्यंत आले. मी वर्गात होतो. शिपायाने निरोप आणला, "एक म्हातारं आलंय, मोरी मुकी झाली म्हनतंय." वर्ग हसला. मी पण हसलो. "सांग, रविवारी येतो."

रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात तात्यांनी कुणालाही न विचारता चौथं कपाट भिंतीपासून एकट्याने ओढलं. मागची भिंत वरपासून काळपट ओली होती. पलीकडच्या बाजूला पाण्याची टाकी आहे, तिची तोटी केव्हापासून झिरपत होती. खालच्या दोन कप्प्यांतले रुमाल पांढऱ्या-हिरव्या बुरशीने भरले होते. करारनामा खालच्याच कप्प्यात. वरचा मजकूर शाबूत राहिला. खाली नावं होती त्या भागाच्या घड्या एकमेकींना चिकटून लगदा झाला होता.

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी भरली. तात्या दाराशी उभे. अध्यक्षांनी सरळ हिशेब मांडला. टाकीची ओल आजची नाही, ती भिंतीतच राहिली असती. पण यंत्र एवढं महागाचं, ते कसं बोललं नाही? म्हणजे हवेत ओल नव्हती. मग कागदापर्यंत पाणी आलं कुठून? सगळ्यांनी वर बघितलं. कपाटाच्या बाजूला घोंगडी टांगलेली, पाण्याने जड झालेली.

"रोज ही ओली घोंगडी कागदाशेजारी टांगून ठेवता, तात्या? औषध समजून इखच टांगलं की तुमी!"

"ती ओली न्हाई," तात्या म्हणाले. "ती ओल सांगती."

कुणीतरी हसलं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी जाणकार. यंत्र नीट चालू व्हतं ना?"

शब्द मोजून पाहिला तर खोटा नव्हता. यंत्र नीटच चालू होतं. सगळे आकडे त्यात साठवलेले होते, एकाहत्तर, शहात्तर, एक्याऐंशी. ते बघायचे कसे, ते फक्त मला माहीत होतं.

"हो," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढल्यावर बघावं तसं. मग कंबरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. तागडी खाली उतरवली गेली, घोंगडी एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून त्यांच्या हातात दिली. ते पिशवी सायकलला लावत होते तेव्हा मी खोलीत जाऊन, पाठमोरा, पंच्याऐंशीचे पासष्ट केले. कपाट भिंतीपासून सुटल्यावर आकडा साठवर उतरला होता, भोंगा वाजला नाही.

त्यानंतर जे झालं ते सोपं नव्हतं, एवढंच म्हणेन. रस्त्यात कुणाच्याही फोनवर निरोपाचा आवाज झाला तरी माझा हात खिशाकडे जायचा. वाटायचं, कुणीतरी जाणकार येणार, फोन मागणार, आकडे उघडणार. पुण्याहून कुणी आलं की मी आजारी पडायचो. साठवलेले आकडे पुसून टाकायची सोय होती. चार-पाचदा मी तिथवर गेलो. पुसले नाहीत. त्यात माझा काही चांगुलपणा नाही. पुसल्याची वेळही यंत्र नोंदवून ठेवतं.

चार महिन्यांनी मी महाळुंग्याला तात्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. तात्या पडवीत लसूण सोलत होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून चाकणला. चुलीवर एका माणसापुरतं पातेलं.

"या मास्तर. घाम वाळू द्या," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी बसलो. पाणी प्यालो. पुन्हा पाणी प्यालो. मग म्हणालो, "तात्या, त्या चार नंबरची मर्यादा..."

"तुमी सरकवली," तात्या म्हणाले. लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "म्हाईत हाय. घोंगडी दोन सातशेला आन् भोंगा गप? काट्यावर जलम गेला माझा. काटा असा आपला आपन मुका व्हत न्हाई, मास्तर. कुनीतरी हात लावल्याशिवाय न्हाई."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तुमच्या फाटकावर आलो तवाच. तेच सांगाया आलो व्हतो."

मी विचारलं, "मग बैठकीत वही का नाही दाखवलीत? सगळं त्यात लिहिलेलं होतं. घोंगडी, भोंगा, तारखा."

तात्यांनी ताटली बाजूला केली.

"दाखवली असती तर काय झालं असतं? अध्यक्षाला तेवढंच पायजे व्हतं. त्याच दुपारी डब्या पोत्यात भरल्या असत्या. आन् मंग?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी किती दिस जोखनार, सांगा की. गुडघं गेलं. पोराला हाक मारली तर म्हनतो, तात्या, घोंगडीचं वजन करून काय मिळतंय? बराबर हाय त्याचं. माझ्या मागं कोन येनार सकाळी आठला? कुनी सुदिक न्हाई. म्या लई इचार केला. मी गेलो तर कागदं ऱ्हातील, पर डब्या गेल्या तर न्हाई ऱ्हायची. मंग मीच गेलो."

मी मान खाली घातली. त्यांना माझ्यावर उपकार करायचे नव्हते, हे स्पष्ट होतं. त्यांच्या हिशेबात मी नव्हतोच. ज्या कपाटात आता त्यांच्या माणसाचं नाव उरलं नव्हतं, त्या कपाटाची काळजी ते इथे महाळुंग्यात बसून करत होते.

"तेवढं एक सांगा," तात्या म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "त्यो कागद. वरचं ऱ्हायलंय ना? किती रात्री, किती बाजरी, तेवढं तरी?"

"राहिलंय."

"मंग ठीक. नाव मला पाठ हाय." मांडीवरची सालं झटकत म्हणाले, "मी हाय तवर."

मी म्हणालो, "तात्या, मी समितीला सांगतो."

"सांगा, नगा सांगू, ते तुमचं तुमी बघा," ते म्हणाले. "म्या कुनाच्या मनाचं वजन करत न्हाई." आणि उरलेला लसूण जवळ ओढला.

त्याला आता बरेच महिने झाले. समितीची बैठक दर महिन्याला होते, मी प्रत्येक बैठकीला असतो, सेन्सर कसे चालले आहेत त्याचा अहवाल वाचतो आणि खाली बसतो. सगळं नीट चाललं आहे. टाकी दुरुस्त झाली, चौथं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ठेवलं आहे. खोली झाडायला आता कुणी वेगळं येतं. मर्यादा कुणी बदलली तर सातही जणांना निरोप जाईल, अशी सोय मी गुपचूप करून ठेवली आहे. का केली, ते कुणी विचारलं नाही.

हे लिहून काढलं, छापायलाही देतोय, पण आमच्या समितीतले दोघेच काही वाचतात आणि तात्यांना मोडी येते, माझं बारीक छापील त्यांना दिसत नाही. तेव्हा लिहिण्याने काही फिटलं असं मी धरत नाही. तात्यांना खुर्चीवर बसवून, त्या सात जणांच्या तोंडावर, मर्यादा मी वाढवली आणि घोंगडी खरं सांगत होती, एवढं उभं राहून बोलणं माझ्याकडून त्यांना अजून येणं आहे.